थेंब टाकून ओढायची ई-सिगरेट: चव अव्वल, पण निगा फार

चवीच्या बाबतीत ड्रिपरला, म्हणजे थेंब टाकून ओढायच्या ई-सिगरेटला, तोड नाही. पण सिगरेट सोडायची म्हणून जो पहिल्यांदाच ई-सिगरेट घेतोय, त्याने ड्रिपरच्या वाटेला जाऊ नये. ही दोन्ही मतं आधीच सांगून टाकतो, कारण इथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये गणपतीत किंवा कुणाच्या घरी जेवायला भेटलेले आपले मराठी लोक मला ‘ड्रिपर घ्यावा का’ हेच विचारतात आणि एका वाक्यात उत्तर मागतात. ते एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी मूळचा इचलकरंजीचा. इथे गोदामात शिफ्टमध्ये काम करतो. कॉलेजात लागलेली सिगरेट इंग्लंडला आल्यावरही सुटली नव्हती, ती ई-सिगरेटमुळे सुटली. त्यानंतर पॉड, टाकीवाली, डिस्पोजेबल, ड्रिपर असं सगळं वापरून झालंय. हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या मालाचं नाही. थेंब टाकून ओढण्याची जी पद्धत आहे, तिचं आहे. आणि जो मुळात सिगरेट ओढत नाही त्याच्यासाठी हे अजिबात नाही. त्याने यातलं काहीच घेऊ नये.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या ई-सिगरेटमध्ये लिक्विडची छोटी टाकी किंवा पॉड असतो. त्यातलं लिक्विड आपोआप कापसात झिरपतं, कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं तापतं, वाफ होते. ड्रिपरला टाकीच नसते. मॉडवर, म्हणजे बॅटरी आणि बटण असलेल्या खालच्या भागावर, एक गोल बैठक बसते. त्या बैठकीवर तारेची कॉइल स्क्रूने आवळायची, कॉइलमधून कापूस ओवायचा आणि वर टोपी लावायची. टोपी काढून किंवा वरच्या तोंडातून कापसावर आठ-दहा थेंब सोडायचे, चार-पाच झुरके घ्यायचे, परत थेंब सोडायचे. झालं. यंत्र म्हणून एवढं साधं दुसरं काही नाही. जे काही करायचं ते तुमच्याच हातांनी करायचं असतं.

ही काही नवी टूम नाही. सुरुवातीच्या सिगरेटसारख्या दिसणाऱ्या बारक्या ई-सिगरेटच्या नळीत कापसासारखा बोळा भरलेला असायचा. तो कोरडा पडला की चव जायची. मग लोकांनी बोळा काढून फेकला आणि थेट तापणाऱ्या भागावर थेंब टाकायला सुरुवात केली. आज जवळपास प्रत्येक मॉडवर जी 510 चुडी (ड्रिपर फिरवून बसवायचे आटे) असते, तिचं नावही त्या काळातल्या 510 नावाच्या मॉडेलवरूनच आलंय.

आता चवीबद्दल. पॉडमध्ये वाफ कॉइलपासून तोंडापर्यंत अरुंद नळीतून येते. ड्रिपरमध्ये कॉइल तोंडापासून जेमतेम दोन बोटांवर असते, हवा बाजूच्या भोकांतून थेट कॉइलवर आदळते आणि वरची पोकळी छोटी असते. कापूस नुकताच भिजलेला असतो. याचा फरक पहिल्याच झुरक्यात कळतो. माझ्याकडे आंब्याचं एक लिक्विड आहे. पॉडमध्ये ते नुसतं गोड लागतं, आंबा आहे असं बाटलीवर वाचून मानायचं. ड्रिपरमध्ये त्याच लिक्विडला आधी किंचित कैरीची आंबट धार येते आणि मग पिकलेपण येतं. कस्टर्डच्या लिक्विडमध्ये व्हॅनिला वेगळा आणि मागून येणारा भाजल्यासारखा, बिस्किटासारखा वास वेगळा, असं दोन्ही ओळखू येतं. पॉडमध्ये या दोन्हींची एकच गोड लापशी होते.

दुसरा फायदा फ्लेवर बदलण्याचा. टाकीत एकदा लिक्विड भरलं की ते संपेपर्यंत तेच ओढायचं. इथे कापूस वाळत आला की दुसरं टाकायचं, नाहीतर कापूसच काढून नवा ओवायचा. खऱ्या तंबाखूच्या पानापासून अर्क काढलेली लिक्विड असतात, गडद चहाच्या रंगाची. सिगरेटची आठवण काढणाऱ्यांना ती आवडतात, मलाही आवडतात. ती पॉडची कॉइल फार लवकर काळी करतात, आणि तीन-चार पाउंडांची कॉइल दोन दिवसांत फेकताना जिवावर येतं. ड्रिपरमध्ये कापूस बदलायचा, तार जाळून साफ करायची, की परत पहिल्यासारखं.

खरी गंमत बांधणीत आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

मी 26 गेज जाडीची कँथल तार वापरतो. ही लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची मिश्र तार असते, आणि नवख्याला हाताळायला सगळ्यात सोपी. 3 मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे घ्यायचे, अशा दोन कॉइल करायच्या. एकेका कॉइलचा रोध (विजेला होणारा अडथळा) 0.8 ओहमच्या आसपास येतो, दोन्ही शेजारी बसवल्या की 0.4. बैठकीत पाय अडकवताना दांडी कॉइलमध्येच ठेवायची, म्हणजे स्क्रू आवळताना कॉइल पिळवटत नाही. दोन्ही कॉइल एकाच उंचीवर आणि हवेच्या भोकांसमोर यायला हव्यात. टोपीला तार कुठेही चिकटता कामा नये, चिकटली तर शॉर्ट.

मग कापूस घालण्याआधी मॉडचं बटण क्षणभर दाबायचं आणि सोडायचं. कॉइल आतून, मधल्या वेढ्यापासून बाहेरच्या बाजूला लाल होत गेली पाहिजे. सुरुवातीला एखादा वेढा शेजाऱ्यांच्या आधीच लखलखतो. ही जागा तशीच राहिली तर तिथला कापूस जळणार हे नक्की. सिरॅमिकचा चिमटा घ्यायचा, कॉइलवरून हळूच घासायचा, वेढे दाबून सारखे करायचे, परत बटण. तीन-चार वेळा असं केलं की दोन्ही कॉइल एकाच वेळी, एकाच रंगाने तापतात. लोखंडी चिमटा बटण दाबलेलं असताना लावायचा नाही. सिरॅमिकचा मिळतो चार-पाच पाउंडांना, त्यावर काटकसर करू नये.

यानंतर कापूस, आणि इथे इचलकरंजीचा माणूस बोलणारच. आमच्या गल्लीत यंत्रमागाचा खडखडाट दिवसरात्र असायचा आणि सुताचा धागा बोटांत धरून त्याचा पीळ, त्याची लांबी बघायची सवय घराघरात होती. वेपिंगच्या दुकानात ऑरगॅनिक कापसाच्या पट्ट्या आणि बुटाच्या लेसेसारख्या गुंडाळ्या मिळतात. चांगला कापूस हातात घेतला की त्याचे तंतू एका दिशेने विंचरलेले दिसतात, ओढला तर लांबट सुटतो, तुकडे पडत नाहीत. ज्याचा लगेच भुगा होतो तो घेऊ नका. मेडिकलमधला साधा कापूस तर नकोच, त्याच्यावर काय प्रक्रिया केली आहे ते आपल्याला ठाऊक नसतं.

कापूस कॉइलमधून ओवताना हाताला थोडी ओढ लागली पाहिजे, पण कॉइल जागची हलता कामा नये. देवापुढच्या समईची वात वळताना आई सांगायची तसंच आहे: घट्ट वळली तर तेल चढत नाही, सैल वळली तर भडकते. टोकं बैठकीच्या कडेपर्यंत कापायची, कातरीच्या टोकाने विंचरून विरळ करायची आणि खालच्या खोलगट जागेत अलगद सोडायची. कोंबायची नाहीत. तिथेच जादाचं लिक्विड साठतं आणि कापूस ते वर खेचतो. कोंबलेला कापूस खेचत नाही. शेवटी सगळीकडून भिजवायचा, पांढरा रंग जाऊन पाण्यात भिजलेल्या मलमलीसारखा अर्धपारदर्शक दिसेपर्यंत. आता कमी वॅटवर पहिला झुरका. माझ्या बांधणीला 40 ते 45 वॅट पुरतात.

ज्यांना तार वळायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी जाळीचे ड्रिपर आहेत. 2018 मध्ये वोटोफो कंपनीचा प्रोफाइल नावाचा ड्रिपर आला तेव्हा ही पद्धत खूप लोकप्रिय झाली. त्यात तारेऐवजी धातूच्या जाळीची पट्टी कमानीसारखी बसते आणि खालून स्प्रिंगवरचा सिरॅमिकचा ठोकळा कापसाला जाळीशी चिकटवून ठेवतो. पट्टी अडकवा, खालून कापूस सरकवा, झालं. जाळी सगळीकडून सारखी तापते. ड्रिपरची सुरुवात करणाऱ्याला मी हाच प्रकार सुचवतो. मला स्वतःला गोल तारेची चव जास्त रुचते, पण हा आवडीचा भाग झाला.

आता दुसरी बाजू, आणि ती लहान नाही.

थेंब किती टाकायचे याचं मोजमाप नाही, सगळं अंदाजाने. जास्त पडले की हवेच्या भोकांतून लिक्विड पाझरतं, मॉडवर ओघळतं, मग हाताला, मग खिशाला. ज्या ड्रिपरमध्ये हवा अगदी खालून आत येते त्यांची चव सगळ्यात भरगच्च असते आणि गळतात पण तेच जास्त. हवा वरून तिरकी खाली आणणारे प्रकार कमी गळतात, नवीन माणसाने तसाच घ्यावा. आडवा तर कोणताच ठेवू नये. बॅगेत टाकून बसमध्ये चढलात तर उतरताना बॅगेला व्हॅनिलाचा वास येणार.

आणि थेंब कमी पडले की कोरडा झुरका. ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. जळक्या चिंधीची चव थेट घशात जाऊन बसते, ठसका लागतो, पाणी प्यायलं तरी अर्धा तास जात नाही. कापूस करपला की परत भिजवून उपयोग नाही, तो काढूनच टाकावा लागतो.

कामावर हे यंत्र निरुपयोगी आहे. आमच्याकडे सुट्टी पंधरा मिनिटांची. त्यात बाहेरच्या शेडपर्यंत चालत जायचं, बाटली काढायची, टोपी काढायची, थेंब सोडायचे. जानेवारीत तर लिक्विडच घट्ट होतं. ड्रिपरमध्ये वापरतात त्या लिक्विडमध्ये सत्तर टक्के ग्लिसरीन असतं, थंडीत ते मधासारखं सावकाश उतरतं आणि कापसात लवकर शिरत नाही. वरून दिसतं ओलं, आत कोरडं, आणि तोच करपट झुरका. मी कामावर साधा पॉडच नेतो.

गाडी चालवताना ड्रिपर नको म्हणजे नकोच. थेंब टाकायला दोन हात लागतात आणि लक्षही. त्यात इतकी वाफ निघते की समोरची काच क्षणभर दिसत नाही. लाल सिग्नलला थांबलोय तेवढ्यात टाकतो, असं म्हणणारे मी बघितलेत. त्यांच्या गाडीत मी बसत नाही.

घरचं सांगायचं तर बायकोने सुरुवातीलाच सांगितलं होतं, ‘‘अहो, सिगरेटचा वास गेला हे चांगलंच झालं, पण हा केकच्या दुकानासारखा वास पडद्यांना नको.’’ तेव्हापासून मागच्या अंगणात, शेडखाली. मुलं झोपल्यावर. बाटल्या वरच्या कपाटात, कुलपात. निकोटीनचं लिक्विड फळासारखा वास मारतं आणि लहान मुलाच्या पोटात गेलं तर विष आहे, हे प्रत्येकाने डोक्यात पक्कं ठेवावं. ड्रिपर वापरणाऱ्याच्या बोटांना लिक्विड लागतंच. ते कातडीतून आत जातं, म्हणून हात धुतल्याशिवाय मुलांना घ्यायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत.

निकोटीन किती असावं यावर लोक फार गोंधळतात. ब्रिटनमध्ये 2016 च्या नियमांनुसार निकोटीनवालं लिक्विड 10 मिलीहून मोठ्या बाटलीत विकता येत नाही, त्यातलं निकोटीन मिलीला 20 मिलिग्रॅमच्या वर नसावं, आणि टाकी 2 मिलीची. ड्रिपरला टाकीच नाही, म्हणून त्या मर्यादेचा त्याला प्रश्न येत नाही. मोठ्या बाटल्या दुकानात दिसतात त्या बिननिकोटीनच्या: 60 मिलीच्या बाटलीत 50 मिली लिक्विड, वर जागा रिकामी. तिच्यात मिलीला 18 मिलिग्रॅम निकोटीनची 10 मिलीची छोटी बाटली (निकोटीन शॉट) ओतली आणि हलवली की मिलीला 3 मिलिग्रॅमचं 60 मिली तयार. ड्रिपरला हेच प्रमाण योग्य. पॉडचं 20 मिलिग्रॅमचं सॉल्ट (निकोटीनच्या क्षाराचं) लिक्विड ड्रिपरवर टाकू नका. पॉडचा झुरका चिमूटभर असतो आणि ड्रिपरचा छातीभर. इतक्या वाफेतून तेवढं निकोटीन गेलं तर गरगरतं, मळमळतं, छाती धडधडते. ज्याला दिवसभर सिगरेटची तलफ मारायची आहे त्याला 20 चा पॉडच उपयोगी पडतो, आणि म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की सिगरेट सोडण्यासाठी पहिलं यंत्र ड्रिपर नको.

तब्येतीचं स्पष्ट बोलतो. सिगरेटपेक्षा ई-सिगरेट बरीच कमी घातक, पण निरुपद्रवी नाही, ही इथल्या एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, भूमिका आहे आणि मी तीच धरून चालतो. 2023 मध्ये तर सरकारने दहा लाख सिगरेट ओढणाऱ्यांना ई-सिगरेटचे संच आणि सोबत समुपदेशन द्यायची योजना जाहीर केली. पण थेंब टाकण्याच्या पद्धतीला एक वेगळा धोका आहे आणि तो ड्रिपरच्या चाहत्यांना ऐकायला आवडत नाही. ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल फार तापले की तुटतात, त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. टाकीत कापसाला लिक्विडचा पुरवठा सतत चालू असतो, त्यामुळे कॉइल सहसा एका मर्यादेच्या वर तापत नाही. ड्रिपरमध्ये शेवटच्या एक-दोन झुरक्यांना कापूस कोरडा पडत जातो आणि तापमान चढतं. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये नेमकं हेच मोजून दाखवलं: थेंबांच्या मध्ये झुरके जितके जास्त, तितकं तापमान जास्त आणि तितकं फॉर्मल्डिहाइड जास्त. त्यांनी तपासलेला ॲटोमायझर (वाफ करणारा भाग) आजच्या मोठ्या ड्रिपरसारखा नव्हता, असं म्हणून काही जण हे उडवून लावतात. मला ते पटत नाही. कोरडा कापूस आणि तापलेली तार हे गणित यंत्र बदलून बदलत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी: चव जरा फिकी पडली की थांबायचं. करपण्याची वाट बघायची नाही. चार-पाच झुरक्यांनंतर थेंब, वॅट वाढवण्याच्या भानगडीत पडायचं नाही. ड्रिपरमधून जी चव मिळते ती 40 वॅटला मिळते. शंभर वॅटला मिळते ती फक्त वाफ.

बॅटरीबद्दल चार शब्द जास्त, कारण इथे चूक झाली तर करपट चवीवर भागत नाही. ड्रिपरची मंडळी बरेचदा मेकॅनिकल मॉडकडे वळतात, म्हणजे धातूची नळी, बॅटरी, बटण, आत सर्किट काहीच नाही. संरक्षण शून्य. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी 4.2 व्होल्ट देते. माझ्या 0.4 ओहमच्या बांधणीतून साडेदहा अँपियर जातील, ते चांगली 18650 बॅटरी (मॉडमध्ये बसणारी नेहमीच्या आकाराची) आरामात देते. पण हौसेखातर 0.15 ओहमची बांधणी केली की हाच आकडा 28 अँपियरवर जातो, आणि या आकाराच्या नावाजलेल्या बॅटऱ्यासुद्धा सलग 20-25 अँपियरपर्यंतच्याच असतात. त्यावर बॅटरी तापते, फुटूही शकते, आणि नळीसारख्या मॉडमध्ये तिला बाहेर पडायला जागा नसते. शिवाय काही नळ्यांमध्ये ड्रिपरची मधली पिन थेट बॅटरीला टेकते. ती पिन चुडीच्या पुढे आलेली नसेल तर टेकताक्षणीच शॉर्ट. ज्याला ओहमचा नियम (व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपियर) कागदावर मांडता येत नाही त्याने मेकॅनिकल घेऊ नये, आणि येतो त्यानेही घ्यावंच असं काही नाही. सर्किटवाला मॉड शॉर्ट ओळखतो, बांधणीचा रोध पडद्यावर दाखवतो आणि गडबड असेल तर पेटतच नाही.

बॅटरीवरचं प्लास्टिक फाटलं असेल तर ते बदलून घ्या, दुकानात काही पेन्यांत होतं. सुटी बॅटरी खिशात किल्ल्यांसोबत कधीही नाही, तिला प्लास्टिकची डबी असते.

खर्चाचं गणित ड्रिपरच्या विरोधातच जातं. यंत्र महाग नाही, पंचवीस-तीस पाउंडांत चांगला ड्रिपर येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. तार आणि कापूस तर किरकोळ. पण लिक्विड तो पितो. पॉडला दिवसाला दोन मिली पुरत असेल तर ड्रिपर दिवसभर हाताशी ठेवणारा दहा मिलीही सहज संपवतो. आणि ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2026 पासून वेपिंगच्या लिक्विडवर दर 10 मिलीला 2 पाउंड 20 पेनी असा कर ठरलाय, निकोटीन असो वा नसो. म्हणजे 60 मिलीला 13 पाउंड 20 पेनी नुसता कर, त्यावर व्हॅट. आज ज्या बाटलीला मी बारा-तेरा पाउंड देतो, तिच्या किमतीहून जास्त कर. पॉडवाल्याला हे महिनाभर पसरून जाणवेल, ड्रिपरवाल्याला आठवड्यातच. केवळ पैशासाठी सिगरेट सोडणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. मी स्वतः ड्रिपर फक्त संध्याकाळी, जेवणानंतर वापरतो, म्हणून मला परवडतो.

मधला एक मार्ग आहे आणि सध्या माझा मुक्काम तिथेच आहे. त्याला स्क्वाँक म्हणतात. मॉडच्या पोटात लिक्विडची मऊ बाटली बसते आणि ड्रिपरच्या मधल्या पिनला आरपार भोक असतं. बाटली अंगठ्याने दाबली की लिक्विड खालून बैठकीत चढतं, सोडली की जादाचं परत खाली ओढलं जातं. टोपी काढायला नको, थेंब मोजायला नकोत, आणि कापूस कोरडा पडण्याआधी दाबायची सवय अंगठ्याला आपोआप लागते. चव ड्रिपरइतकीच, हात कोरडे. नवीन ड्रिपर घेताना डब्यात भोकाची पिन आहे का तेवढं बघून घ्या, बऱ्याच ड्रिपरच्या डब्यात ती जादाची दिलेली असते.

माझा भाचा इथे शिकायला आलाय. वीस वर्षांचा, कधी सिगरेट ओढलेली नाही. मला अंगणात बघून म्हणाला, ‘‘मामा, मला पण एक बांधून दे ना, त्या मोठ्या ढगांसाठी.’’ नाही म्हणालो. अमेरिकेत कनेटिकटच्या शाळांमधल्या मुलांची पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली होती. ई-सिगरेट ओढून बघितलेल्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा मुलांनी थेंब टाकून ओढलं होतं, आणि सगळ्यात जास्त मुलांनी सांगितलेलं कारण हेच होतं, दाट वाफ. ढगांपायी निकोटीनची सवय लावून घेणं मला बघवत नाही. ज्याची फुफ्फुसं स्वच्छ आहेत त्याने ती तशीच ठेवावी. भाचा नाराज झाला, चालेल.

भारतात राहणाऱ्या मित्रांना मी हे काही घेऊन येत नाही आणि पाठवतही नाही. 2019 च्या कायद्याने भारतात ई-सिगरेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळ्यावर बंदी आहे. साठवणं सोडून बाकीच्यांसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात ड्रिपर, मॉड, सुटे भाग सगळं आलं. लपूनछपून विकला जाणारा माल कुणी बनवला, त्यात काय आहे, कुणालाच सांगता येत नाही, आणि ज्यातलं निकोटीनचं प्रमाण ठाऊक नाही असं लिक्विड ड्रिपरवर टाकणं हा तर उघड धोका. गावी जाताना मी सगळं इथेच ठेवून जातो. बॅटऱ्या डबीत, लिक्विड कपाटात, कापूस काढून ड्रिपर धुऊन वाळवलेला. तिकडे औषधांच्या दुकानात निकोटीनचं च्युइंगम मिळतं, तेवढ्यावर सुट्टी निघते. पहिले दोन दिवस चिडचिड होते, नंतर काही वाटत नाही.

इथे ज्यांना घ्यायचाच आहे आणि ज्यांची सिगरेट आधीच सुटलेली आहे, त्यांनी ऑनलाइन न मागवता दुकानात जावं. मी जातो तिथले गुजराती काका काउंटरवरच रोध मोजायचं यंत्र ठेवून बसलेले असतात. ‘‘भाई, पहेले बनाना सीखो, फिर लेके जाओ,’’ असं म्हणून ते गिऱ्हाईकाला समोर बसवून पहिली कॉइल त्याच्याच हातून करून घेतात, कापूस चुकला तर काढायला लावतात. दुकानदार एवढा वेळ देत नसेल तर दुसरं दुकान बघा. विचारताना तीन गोष्टी मागा: वरून हवा घेणारा 24 मिलिमीटर रुंदीचा ड्रिपर, स्क्वाँकची पिन सोबत असलेला, आणि शॉर्ट ओळखणारा सर्किटवाला मॉड. लिक्विड 3 मिलिग्रॅमचं, 70 टक्के ग्लिसरीनचं, आणि फार गोड नको. गोडवा आणणारं सुक्रालोज तारेवर जळून काळा थर धरतं, आणि मग रोज कापूस बदलावा लागतो.